कागदावरचा ताप

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला आडोसा शोधता येणार नाही. माझ्या धडधाकट मुलीला मी एका वर्षी जूनपासून नवरात्रापर्यंत पंधरा-सोळा वेळा आजारी पाडलं. तिला ना ताप होता, ना पोटदुखी. आजार होता तो माझ्या अक्षरात, वहीतून फाडलेल्या अर्ध्या पानावर, आणि खाली माझी सही. मी शिक्षक आहे, अक्षर चांगलं आहे. त्या चिठ्ठ्यांवर कुणी कधी शंका घेतली नाही.

ते चिठ्ठ्यांवरच थांबलं असतं तर कदाचित मी आज लिहायलाही बसलो नसतो. पुढं एका संध्याकाळी तेच खोटं मी तोंडानं बोललो, आणि तेव्हा मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

आता बाहेर तोच काळ पुन्हा आला आहे. सोलापूरचे ऋतू पुस्तकातल्यासारखे नसतात. वर्गात मी चार-चार महिन्यांचे तीन ऋतू शिकवतो आणि मंद्रूपची मुलं माझ्याकडं जरा संशयानंच बघतात. आमच्याकडं उन्हाळा मार्चमध्ये येतो आणि जूनमध्ये जायचं नाव घेत नाही. आभाळ भरतं, वारा सुटतो, दारं आपटतात, बायका वाळवण गोळा करायला गच्चीवर धावतात आणि ढग आमच्या डोक्यावरून दुसऱ्यांच्या गावाला निघून जातात. जुलैत शाळेच्या मैदानावर धूळच उडत असते. खरा पाऊस येतो तो उत्तरा-हस्तात, दुपार कलल्यावर, ढगांच्या गडगडाटासह. दोन-चार दिवस तो झोडपून जातो आणि मग एका सकाळी लक्षात येतं की ऊन बदललं. पांढरं होतं ते पिवळं झालं. भिंतीची सावली अंगणात लांबवर आली. माळावर तरवड फुलला. मंद्रूपच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना काळी रानं ओली होऊन पडलेली असतात, ज्वारीच्या पेरणीची वाट बघत. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना हाताला जरा गार लागतात.

या दिवसांत लोकांना बरं वाटतं. बाजारात सीताफळं येतात, मुलांची सहामाही जवळ आलेली असते, घरोघरी घटाची तयारी चालू होते. माझ्या मात्र पोटात दरवर्षी काहीतरी खाली बसत जातं. बायको म्हणते, पित्त आहे. मी गोळी घेतो.

त्या वर्षी शिवानी आठवीत होती, तेरा वर्षांची. धाकटा ओंकार पाचवीत. सुनंदा, माझी बायको, एका पतसंस्थेत काउंटरवर बसायची. तिला दहाच्या आत तिथं पोचावं लागे. मी मंद्रूपच्या शाळेत. सकाळी साडेनऊला मोटरसायकल काढली की संध्याकाळी सहाला परत. विजापूर रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीत नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं. पाचवा दिवस ठरलेला, वेळ मात्र नाही. कधी दहाला, कधी बाराला, कधी एक वाजून गेल्यावर. आलं की तास-दीड तास. तेवढ्यात मोटार लावायची, वरची टाकी भरायची, मोरीतला हौद, दोन निळी पिंपं, स्वयंपाकघरातल्या घागरी, कळशा, सगळं भरून घ्यायचं. चुकलं की पुढचे पाच दिवस शेजाऱ्यांच्या दारात कळशी घेऊन उभं राहायचं.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला त्या पाण्याची चाहूल ऐकू येते. आधी नळ फुसफुसतो. मग दोन-तीन वेळा खोकल्यासारखा आवाज काढतो. पहिलं पाणी गढूळ, ते बादलीत वेगळं धरायचं, झाडांना घालायला. मग तोटीला पांढरं फडकं बांधायचं. मग मोटारीची घरघर गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकदम सुरू होते आणि ओल्या सिमेंटचा नि जंतुनाशकाचा मिळून एक वास घरभर पसरतो. त्या वासानं आजही माझ्या डोळ्यांसमोर शिवानीच येते. फ्रॉकवजा गाऊन गुडघ्यापर्यंत खोचलेला, केस फडक्यात बांधलेले, पिंपाच्या काठावर एक हात.

तिनंच थांबायचं हे कधी ठरलं? घरात यावर चर्चा अशी झालीच नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरचा पहिला पाण्याचा दिवस उद्यावर आला, तेव्हा सुनंदा म्हणाली, "उद्या कोण थांबणार?" आणि मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "शिवानी आहे की." एवढंच. ओंकारचं नावही निघालं नाही. तो लहान आहे, असं मी स्वतःला सांगितलं. दहा वर्षांचा होता. त्याच्या वयाची असताना शिवानी घागर उचलत होती, हे मला तेव्हा आठवलं नाही. खरं सांगायचं तर तो मुलगा होता, आणि त्याची शाळा बुडेल हा विचारच माझ्या मनाला शिवला नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

शाळेचे नियम मला माहीत होते. गैरहजेरीनंतर पालकाची चिठ्ठी लागते. मी पहिली चिठ्ठी लिहिली तेव्हा सुनंदा डबा भरता भरता म्हणाली, "खरं लिहा की. पाणी भरायला ठेवली होती म्हणून."

"शिक्षकाच्या घरात मुलीला पाण्यासाठी घरी ठेवतात, हे शाळेत कळू दे?"

"मग ठेवू नका."

"तू रजा टाकतेस?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. तिची रजा टाकायची सोय नव्हती हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तसं विचारलं होतं.

मग मला त्यात एक वाईट कसब आलं. कोणत्या आजाराला शाळेत काय विचारतात हे वीस वर्षं हजेरीपट सांभाळून मला पाठ होतं. ताप लागोपाठ दोनदा लिहायचा नाही, डॉक्टरचा कागद मागतात. जुलाब लिहिले की कुणी पुढं विचारत नाही. दाढदुखीला सहानुभूती मिळते. आमच्या घरी चहाच्या वेळी याची चेष्टा चालायची, आणि ती मीच चालू केली होती. पाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शिवानी दप्तर भरत विचारायची, "पप्पा, काल काय झालं होतं मला?"

"काल तुझं डोकं दुखत होतं."

"मागच्या वेळी पण डोकंच होतं की!" ओंकार ओरडायचा. "कान दुखू दे!"

"कान नको," शिवानी म्हणायची, "आमचे सर कानात बघतील. पप्पा, एकदा गोवर द्या की. गोवरला आठ दिवस सुट्टी असती."

आम्ही चौघंही हसायचो. हे हसणं मला सगळ्यात जास्त टोचतं. रागावली असती, रडली असती, तर मी कदाचित थांबलो असतो. पण ती हसत होती, मी हसत होतो, आणि त्या हसण्यात ते सगळं एखाद्या घरगुती खेळासारखं होऊन गेलं.

जुलैत ती खो-खोत गेली. तिचे वर्गशिक्षक कदम सर, तेच मैदानावरचेही सर. शाळा सुटल्यावर तासभर सराव चाले. ती घरी यायची ती गुडघे सोलून, कोपराला मुरूम चिकटलेला, चेहरा तांबडालाल. सुनंदा हळद-तेल लावायची आणि ती 'स्स' करत तोंडानं खेळ सांगत असायची. कोण कुणाच्या पाठीला खो देताना चुकलं, कोण खांबापाशी फसलं. खांबावर झेप घेऊन वळायचं आणि पळणाऱ्याला गाठायचं, हे तिला जमायला लागलं होतं. आमच्या गल्लीतल्या दिव्याच्या खांबावर तिचा रोजचा सराव चाले. समोर नरसम्मा मावशी उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसायच्या. त्या हात न थांबवता ओरडायच्या, "ए पोरी, खांब पडंल गं! मग अंधारात बसा सगळे!" आणि शिवानी धापा टाकत म्हणायची, "मावशी, तुम्ही मोजा, किती सेकंद लागले." मावशी दोऱ्याचा वेढा घालता घालता मोजायच्या, तेलुगूत.

ती कशी पळायची हे मला लिहून दाखवता येणार नाही. एकदाच पाहिलं मी, शाळेच्या भिंतीबाहेरून, मोटरसायकल बंद न करता. कमरेतून वाकलेली, डोळे समोरच्या मुलीच्या खांद्यावर. मोटरसायकलचा आवाज ऐकून तिनं मान वळवली नाही. मला तेव्हा अभिमान वाटला होता. घरी गेल्यावर मी तिला तसं सांगितलं नाही. अभ्यासाकडं दुर्लक्ष होतंय, असं काहीतरी म्हणालो.

पाचव्या दिवशी शाळा बुडायची, म्हणजे सरावही बुडायचा. तिनं एकदा विचारलं होतं, "पप्पा, पाणी एकला संपलं तर मी नुसती सरावाला जाऊ का पाचला?" मी म्हणालो, "आजारी माणूस मैदानावर कसा जाईल? चिठ्ठीचं काय?" तिला ते पटलं. मलाही पटलं होतं. खोट्याची एक शिस्त असते आणि ती मी तिला शिकवत होतो.

भाद्रपदात मंद्रूपकडं उडदाची काढणी चालू झाली. त्या दिवसांत माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली गायब असतात. डांबरी रस्त्यावर शेंगा पसरलेल्या, वरून गाड्या जातायत, कडेला पोरी खराटे घेऊन बसलेल्या, हवेत उडदाची बारीक धूळ, नाकात खाज. भाद्रपदातलं ऊन उन्हाळ्यापेक्षा वाईट, ओलसर आणि चिकट. माझ्या वर्गातली भाग्यश्री सहा दिवस आली नव्हती, म्हणून मी तिच्या घरी गेलो. तिचे वडील शिवप्पा दारातच पोती शिवत बसले होते.

"या की गुरुजी, बसा हितं. पाणी आण गं!"

मी बसलो आणि माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. मुलीचं शिक्षण, वाया जाणारं वर्ष, तुम्ही आई-बाप असून असं कसं. शिवप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पर शेंगा फुटाय लागल्यात. पाऊस आला तर समदं काळं पडंल. चार दिस द्या."

मला त्यांची अडचण कळत होती. सहा खाडे झाले होते, आणखी चार म्हणजे वरून विचारणा झाली असती. मी आवाज खाली करून म्हणालो, "असं करा, एक चिठ्ठी द्या. ताप होता म्हणून लिहा. मी सांभाळून घेतो."

त्यांनी सुई थांबवली. "ताप? ताप न्हाय की तिला."

"अहो, नुसतं लिहायचं."

"न्हाय गुरुजी. चांगल्या पोरीला आजारी म्हणू न्हाय. एकदा तोंडातनं गेलं की ते अंगाला लागतंय." ते हसले, पण सुई पुन्हा चालू झाली नाही. "रानात हाय म्हणून लिवतो की. ते चालतंय का सांगा."

"ते चालत नाही."

"मग खाडा मांडा. खाडा हाय तर खाडा. आमी खोटं कशाला लिवावं?"

परत येताना मी मनातल्या मनात त्यांची कीव केली. अडाणी माणूस, शब्दाला भितो. वीस वर्षं मी या गावात शिकवतोय तरी हे बदलत नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पाण्याचा दिवस होता. तिसऱ्या दिवशी मी शिवानीसाठी 'अशक्तपणा व चक्कर' असं लिहिलं. नवीन आजार सुचल्याचा मला थोडा आनंदही झाला होता.

जिल्ह्याच्या स्पर्धा अकलूजला होत्या. नवरात्राच्या आधी शाळेत पालकसभा झाली, रविवारी संध्याकाळी पाचला. कदम सरांनी सभा संपल्यावर मला बाजूला घेतलं. शिवानी माझ्या उजव्या हाताला उभी होती, दोन वेण्या, एका गुडघ्याला पट्टी.

"सर, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. मुलगी चपळ आहे हो. खांबावर तिच्यासारखी झेप संघात कुणाची नाही. पण प्रकृती साथ देत नाही बघा." त्यांनी हातातल्या वहीत ठेवलेल्या चिठ्ठ्या काढल्या. माझ्याच होत्या, एकीवर एक, टाचणी लावलेल्या. "दर चार-पाच दिवसांनी काहीतरी आहेच. आता परवाच चक्कर. अकलूजला भर उन्हात सामने आहेत, दिवसाला दोन. पोरगी मैदानावर पडली तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणत असाल की तशी ती ठीक आहे, तर मी नाव घालतो. यादी उद्या लावायची आहे."

ते थांबले. त्यांनी खरंच मला विचारलं होतं. एका वाक्याचं काम होतं. 'सर, या चिठ्ठ्या खोट्या आहेत, मी तिला पाणी भरायला घरी ठेवत होतो.' आजूबाजूला दुसरे पालक होते, दोन शिक्षिका होत्या, त्यातली एक माझ्याच डी.एड.च्या वर्गातली. शिवानीनं माझ्याकडं पाहिलं. विनवणी वगैरे नव्हती तिच्या नजरेत. मी काय बोलणार याबद्दल तिला शंकाच नव्हती, असं मला आता वाटतं. तिला वाटलं होतं की चेष्टा आता संपली आणि पप्पा सांगून टाकतील.

मी म्हणालो, "नाही सर, तुमचं बरोबर आहे. लहानपणापासून ती जरा नाजूकच आहे."

आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

अकलूजला संघ गेला त्या दिवशी आमच्या नळाला पाणी यायचं होतं. योगायोगच. सकाळी सातला शाळेच्या फाटकातून जीप सुटणार होती, साडेनऊला मी मोटरसायकल काढली. शिवानी मोटारीची वायर उलगडत होती. मी जातो म्हणालो, ती हो म्हणाली. दुपारी मंद्रूपला आभाळ काळं झालं आणि त्या वर्षीचा पहिला मोठा पाऊस आला, एवढा की पत्र्यावरच्या आवाजात शिकवता येईना. वर्ग खिडक्यांशी जमा झाला. मुलं ओरडत होती. मी अकलूजच्या मैदानाचा विचार करत होतो. तिथंही पडत असेल तर सामने रद्द होतील, असं वाटून मला जरा हलकं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

सहा वाजता भिजून घरी आलो. पाऊस थांबला होता, पन्हाळीतून धार चालू होती. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं होतं. हौद, पिंपं, घागरी तर होत्याच. पण पातेली, परात, डबे, कुकर, पेले, वाट्या, देवघरातला तांब्या, ओंकारची शाळेची बाटली, चहाची कपबशीसुद्धा. ओट्यावर, जमिनीवर, खिडकीत, कॉटखाली, काठोकाठ भरून ओळीनं मांडून ठेवलेलं. पाऊल ठेवायला जागा नव्हती. शिवानी कोपऱ्यात पाटावर बसून भूगोल वाचत होती.

"हे काय केलंस?"

"पाणी भरलं," ती म्हणाली. पुस्तकातून वर पाहिलं नाही.

मी रागावलो. रागावणं सोपं होतं. मी ओरडायला लागलो तेव्हा सुनंदा मागून आली. ती अक्कलकोटकडची, चिडली की कानडीत बोलते. तिनं सगळीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "साकु बिडरी." पुरे करा. मग पदर खोचून एकेक वाटी उचलून पिंपात ओतायला लागली. ओंकारही लागला. मी उभाच होतो. त्या संध्याकाळी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही. सकाळी बोलू म्हटलं, नवरात्र झाल्यावर बोलू म्हटलं, आणि मग सहामाही आली.

खो-खो तिनं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी शारीरिक शिक्षणाच्या तासाला सरांनी तिला सावलीत बसायची परवानगी दिली, आपुलकीनंच. ती बसू लागली. घरी सुरुवातीला ते ती टोमण्यासारखं वापरायची. "घागर ओंकारला सांगा, मी नाजूक आहे ना." माझ्याकडं बघून म्हणायची आणि मी दुसरीकडं बघायचो. हळूहळू टोमण्याची धार गेली. कॉलेजात असताना मैत्रिणी ट्रेकला निघाल्या, ही घरी राहिली. जिना चढताना ती मध्येच थांबू लागली, दम लागलाय का हे बघत. दोनदा सुनंदा तिला डॉक्टरकडं घेऊन गेली. रक्त तपासलं, सगळं नीट निघालं. डॉक्टर म्हणाले, भीती आहे. मी त्या वेळी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत गेलो नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगायला मला जास्त जड जातं. ओंकार दहावीत गेला त्या वर्षी आम्ही अंगणात जमिनीखाली टाकी बांधून घेतली. नळ आला की पाणी आपोआप तिच्यात पडतं, कुणाला थांबावं लागत नाही. आठवडाभराचं काम होतं. त्याचं महत्त्वाचं वर्ष होतं म्हणून मी घाई केली. गवंडी खड्डा खणत होता तेव्हा शिवानी पायरीवर उभी राहून बघत होती. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ती चोवीस वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. घट बसायच्या आधी चार दिवसांची रजा काढून आली होती. घटासाठी काळी माती मी दरवर्षी मंद्रूपहून आणतो. ती चाळायला तिला आवडतं. हात मनगटापर्यंत मातीत घालून बसते, खडे वेचते, आणि तिच्या चेहऱ्यावर लहानपणीचं काहीतरी येतं. त्या दिवशी माती चाळून झाल्यावर ती फोनवर बोलत गच्चीवर गेली. मी कपडे काढायला जिना चढत होतो. वरच्या पायऱ्यांवर तिचा आवाज ऐकू आला. ऑफिसातली मंडळी रविवारी कुठल्याशा गडावर जाणार होती, मैत्रीण आग्रह करत असावी.

"नाही गं, मला नाही झेपायचं... नाही, झालं काही नाही. लहानपणापासून मी जरा नाजूकच आहे."

मी जिन्यात उभा राहिलो. ते माझं वाक्य होतं. त्यातला 'जरा'सुद्धा माझाच होता. अकरा वर्षं ते तिनं सांभाळलं होतं, आणि आता ती ते दुसऱ्याला सांगत होती, शांतपणे, आपला रक्तगट सांगावा तसं. खाली उतरलो. कपडे दोरीवरच राहिले.

सुनंदाला सांगितलं. ती घटाच्या परडीला पत्रावळ लावत होती. म्हणाली, "मग सांगा तिला."

"तूच बोल ना. तुझ्याशी ती मोकळी आहे."

"मी काय सांगू? सरांशी तुम्ही बोलला होता." मग परडी फिरवत म्हणाली, "एवढी वर्षं तुमचं पित्त काढायला गोळ्या आणते मी. मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला?"

तरी दोन दिवस गेले. तिच्या निघायच्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो. शिवानी ओट्याशी उभी राहून शेंगाचटणीचा डबा कागदात बांधत होती. कडक भाकऱ्यांची चवड शेजारी. बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि खोलीत पिवळट उजेड होता. मी स्टूल ओढून बसलो.

"शिवानी, तू नाजूक नाहीस."

ती हसली. "हे काय मध्येच?"

"परवा गच्चीवर तू फोनवर म्हणालीस, ते ऐकलं मी. आठवीत असताना कदम सरांना मी तसं सांगितलं. ते खोटं होतं."

तिचे हात थांबले. दोरा बोटाला गुंडाळलेला तसाच राहिला. "चिठ्ठ्या खोट्या होत्या हे मला माहीतच होतं की, पप्पा. आपण हसायचो."

"चिठ्ठ्यांचं नाही म्हणत."

"हो." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "ते चिठ्ठीतलं नव्हतं. तुम्ही सरांना सांगितलंत, मी शेजारी असताना. चेष्टेतला आजार असता तर तुम्ही मला आधी सांगितला असता ना, आज तुला हे झालंय म्हणून. हा सांगितला नव्हता. मला वाटलं, हा तेवढा खरा असेल. मला काहीतरी असेल आणि तुम्ही दोघं माझ्यापासून लपवत असाल. शाळेतनं घरी आले की मी छातीवर हात ठेवून बसायचे, ठोके नीट पडतायत का बघत. नववी, दहावी... अजूनही कधी कधी." मग तिनं मान वर केली. "कपाटातले कागद पण शोधले होते मी, डॉक्टरचे. काही सापडलं नाही. मग वाटलं, फाडले असतील."

मला वाटत होतं की मी तिची एक स्पर्धा बुडवली. मला वाटत होतं की ती माझ्यावर रागावून आहे. अकरा वर्षं एक मुलगी आपल्या बापाच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःचे ठोके मोजत होती, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी उठलो. तिच्यासमोर उभा राहिलो. वर्गात हजारदा माफी मागायला लावली आहे मी मुलांना, पण ती कशी मागतात हे मला माहीत नव्हतं. हात कुठं ठेवायचे ते कळेना. शेवटी मी ते दोन्ही हात जोडले, आणि ती "पप्पा, असं नका करू," म्हणाली तरी खाली घेतले नाहीत.

"तुला काहीही नव्हतं, पोरी. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. सर तुझं नाव यादीत घालायला तयार होते, मी नाही म्हणालो. मुलीला पाण्यासाठी घरी ठेवतो हे चार लोकांत कळू नये म्हणून मी तुला नाजूक म्हणालो. तू अकलूजला जायला हवी होतीस. माझं चुकलं. मला माफ कर."